वक्त्याला ३५ हजार द्यावे का? सकारात्मक विचार, गाव आणि वाचनालयाचा फंड

कोरडवाहू
१२ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:४०

मंडळी, धागा लांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

आमचं गाव दारव्हा तालुक्यात, साडेतीनशे उंबऱ्यांचं. सेवा सोसायटीचं जुनं गोदाम रिकामं पडलं होतं, तिथं आम्ही वाचनालय अन् अभ्यासिका चालवतो. गणपतीची उरलेली वर्गणी अन् दोन नोकरदार पोरांनी पाठवलेले पैसे मिळून फंडात ४२,००० रुपये आहेत. यंदाचं तुम्हाला माहीत आहे. सप्टेंबरच्या पावसात सोयाबीन वावरातच काळं पडलं. जे घरात आलं त्याचा हमीभाव ५,३२८, अन् व्यापारी ओलावा दाखवून चार हजारांच्या आसपास मागून रायला. पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, खालची बोंडं सडली. गावात माणसं बोलायची बंद झाली आहेत. पारावर बसतात, पण बोलत नाहीत.

म्हणून मंडळातल्या पोरांनी काढलं की एक मोठा प्रेरणादायी वक्ता आणू. मोबाइलवर त्याला लाखो लोक पाहतात. मानधन ३५ हजार, गाडीचं डिझेल वेगळं. बावीस तारखेला बैठक आहे. माझं मत अजून ठरलेलं नाही, म्हणून इथं विचारतो.

माझं स्वतःचं थोडं सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा आधीच वाकडा आहे. २०१३ साली मी अशाच एका माणसाचा भक्त होतो. यवतमाळच्या एका लॉनवर कार्यक्रम असायचे. टाय बांधलेली पोरं टेबलावर उभी राहून टाळ्या पिटायची. "गरीब जन्मलात हा तुमचा दोष नाही, गरीब राहिलात तर तुमचाच" हे वाक्य मी वहीत रोज लिहायचो. साखळी मार्केटिंगच होतं ते, नाव सांगत नाही. ११,५०० भरून घुसलो. बाबांनी ते सरकीसाठी ठेवले होते. माझ्या खाली दोघं जोडले, त्यातला एक माझा भाऊजी. पैसे बुडाले. पण बुडाल्याचं दुःख कमी होतं, खरं दुःख वेगळंच. वर्षभर मला वाटत होतं की माझाच विश्वास कमी पडला. वरचे लोक हेच सांगायचे, "तुझ्या मनात शंका होती, म्हणून तुझी साखळी वाढली नाही."

आणि तरीही खोटं बोलत नाही, तिथंच मी माइकवर बोलायला शिकलो. पहाटे उठायला शिकलो. आज सेवा केंद्र चालवतो, तहसीलदारापुढं उभं राहून बोलतो, ते धाडस कुठून आलं असं विचाराल तर त्याच लॉनवरून.

तर सांगा. द्यावे का ३५ हजार?

हाव_भाऊ
१२ नोव्हेंबर, रात्री १०:०५

द्या ना राज्या! काऊन एवढा इचार करून रायले?

मी सांगतो माह्यं. दोन वर्स पोलीस भरतीत नापास झालो. गोळाफेकीत मार्क जायचे. घरचे म्हनत, वावर पाह्य. मी एक व्हिडिओ पाह्यला, त्यातला मानूस म्हने, जे पाह्यजे ते कागदावर लिव्ह अन् भिंतीवर लाव. मी वर्दीचा फोटो लावला. रोज पाचले उठून पह्यले तो पाह्यचो, मंग धावाले जायचो. तिसऱ्या सालात लागलो. आता मले कोनी सांगाव की हे सगळं खोटं हाय.

गावात मानसं मुकी झाली असं तुम्हीच म्हनता. मंग कोनीतरी बोलाले आला तं काय बिघडते? डीजेवर उडवलेच असते ना पैसे.

टीपकागद
१२ नोव्हेंबर, रात्री ११:३०

हाव_भाऊ, अभिनंदन. पण तुमच्या गोष्टीत एक वाक्य तुम्ही घाईत उरकलंत, "मंग धावाले जायचो". माझ्या मते सगळी गोम तिथं आहे.

गॅब्रिएल ओटिंगेन नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईंनी यावर अनेक वर्षं काम केलं आहे. वजन कमी करायच्या कार्यक्रमात आलेल्या बायका त्यांनी अभ्यासल्या. ज्यांनी बारीक झाल्याची गोड चित्रं जास्त रंगवली, त्यांचं वजन कमी उतरलं. पुढे नोकरी शोधणाऱ्या पदवीधरांतही तसंच दिसलं. नोकरी लागल्याची स्वप्नं जास्त पाहणाऱ्यांना नोकरीच्या ऑफर कमी आल्या, पगारही कमी मिळाला. मनानं जेवून झालं की भूक मरते, तसं काहीसं. म्हणून त्या सांगतात की स्वप्न बघाच, पण लगेच त्याच्या शेजारी आडवा येणारा दगड कोणता आहे तेही बघा, आणि तो दगड आला की मी काय करीन ते आधी ठरवा. हाव_भाऊंचा दगड गोळाफेक होता. त्यांना तो माहीत होता. फोटो नुसता पाहून ते परत झोपले असते तर?

दुसरा अभ्यास २००९ चा, कॅनडातला, जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. "मी प्रेम करावं अशी व्यक्ती आहे" हे वाक्य लोकांना मनाशी पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. ज्यांना स्वतःबद्दल आधीच बरं वाटत होतं त्यांना किंचित आणखी बरं वाटलं. ज्यांना स्वतःबद्दल हीन वाटत होतं त्यांना आणखी वाईट वाटलं. म्हणजे औषध लागतं कोणाला, आणि बाधतं कोणाला, बघा. पारावर गप्प बसलेल्या माणसाला माइकवरून "मी जिंकणारच" ओरडायला लावायच्या आधी हे मंडळाच्या कानावर घाला.

हाव_भाऊ
१२ नोव्हेंबर, रात्री ११:४२

टीपकागद साहेब, तुमी नागपुरात एसीत बसून जर्मन बाई सांगता. आमच्या इकडं आधी कोनी 'तुले जमते' असं म्हनतच नाही. पोट्टं जन्माले आलं का 'याच्यानं काय होते' हेच आयकते. पह्यले एकदा तरी 'जमते' आयकू द्या, मंग दगड पाहू.

टीपकागद
१२ नोव्हेंबर, रात्री ११:५०

हे मात्र बिनशर्त मान्य. (एसी नाही, कूलर आहे. तोही आता गच्चीवर चढवला.)

खंजिरी
१३ नोव्हेंबर, सकाळी ६:१५

वय झालं, पहाटेच जाग येते. सगळं वाचलं.

आमच्या मुलखाला प्रेरणादायी वक्ते नवे नाहीत. मी मोझरीजवळचा. राष्ट्रसंतांची खंजिरी प्रत्यक्ष ऐकलेली माणसं माझ्या घरात होती. तुकडोजी महाराज माणसाला उभारी द्यायचे यात शंका नाही. पण उभारी देऊन झाली की ग्रामगीतेत गावाची सफाई, भांडणं मिटवणं, शेती, पंचायत, अशा कामाच्या गोष्टी येतात. प्रार्थनाही त्यांची सामुदायिक. एकट्यानं आरशापुढं उभं राहून म्हणायची नाही.

गाडगेबाबा त्याहून उलट्या चालीचे. गावात शिरले की आधी खराटा. रस्ता झाडून झाला की संध्याकाळी कीर्तन, आणि कीर्तनात उत्तरं नाहीतच, प्रश्न. कर्ज काढून सण कशाले? देवाला नारळ कोंबडं कशाले? पोरगं शाळेत काऊन नाही? समोरचे लोक मान हलवत आपणच उत्तर द्यायचे. अंगावर चिंध्या, जेवण फुटक्या गाडग्यात, आणि जाताना गावाकडून काही बांधून नेणं नाही. २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीजवळ वलगावला देह ठेवला तेव्हा स्वतःच्या नावावर काय होतं, विचारा कुणाला.

म्हणून माझा एकच सवाल त्या वक्त्याला विचारा. भाषणाआधी तो आमच्या गावात किती वेळ थांबणार?

कोरडवाहू
१३ नोव्हेंबर, सकाळी ८:२०

काका, विचारलं. दीड तास. त्यात सत्कार धरून.

आशा_तिसरी_गल्ली
१३ नोव्हेंबर, दुपारी ३:१०

मी आशा सेविका आहे, कोणत्या गावची ते सांगत नाही. पहिल्यांदाच लिहिते, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्याकडे २०१५ पासून प्रेरणा प्रकल्प आला, शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्याचा. आम्ही घरोघरी जाऊन विचारतो. झोप लागते का, जेवण जाते का, कामात मन लागते का, जगणं नकोसं वाटते का. सुरुवातीला मला हे विचारायलाच लाज वाटे. वाटायचं, असं विचारलं तर माणसाच्या डोक्यात नसलेलं येईल. प्रशिक्षणात सांगितलं की तसं होत नाही. विचारल्यानं उलट माणूस मोकळा होतो. आता मी हे डोळ्यानं पाहिलं आहे.

एका घरी भाऊ तीन महिन्यांपासून ओसरीवर पडून असायचे. येणारा जाणारा प्रत्येक जण सांगे, "टेन्शन घेऊ नका, पॉझिटिव्ह राहा." मी पण एकदा तेच बोलले. ते म्हणाले, "ताई, मी घेत नाही टेन्शन. ते येऊन बसते." त्या दिवसापासून मी ते वाक्य सोडलं. प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं, तिथून जिल्ह्याच्या दवाखान्यात. गोळ्या सुरू झाल्या. त्यासोबत तिथल्या ताईंनी एक काम दिलं, रोज सकाळी फक्त बैलाला पाणी दाखवायचं. बाकी काही नाही. पहिले आठ दिवस बायकोनं हात धरून नेलं. मग त्यांच्या त्यांनी जाऊ लागले. मग गोठा झाडू लागले. मनात उजेड पडला म्हणून ते उठले नाहीत. आधी उठले, उजेड मागून आला.

ज्यांच्या घरी कोणी असं गप्प असेल त्यांनी १४४१६ लावा. टेलिमानस आहे, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, फुकट आहे, रात्रीही उचलतात. मराठीत बोलतात. १०४ पण आहे.

टीपकागद
१३ नोव्हेंबर, दुपारी ४:००

ताई, तुम्ही चुकला नाहीत. तुम्ही जे सांगितलं ते पुस्तकांत जड नावानं असतं. आधी छोटी कृती, मनःस्थिती मागून. गोव्यात साध्या, डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांनी ह्याच मार्गानं नैराश्यावर चांगला परिणाम दाखवला, २०१७ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं.

आणि आपल्याच अमरावती जिल्ह्यात ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला होता. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघर बोलणं, मग गरज पडेल तसं समुपदेशक, आणि शेवटी मानसोपचारतज्ज्ञ. नैराश्य असलेल्यांपैकी कुठे ना कुठे मदत मागणारे आधी ४.३ टक्के होते, नंतरच्या पाहणीत २७.२ टक्के. तेही २०१७ मध्येच प्रसिद्ध झालं. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत त्यात. दार वाजवलं, एवढंच.

निळी_पहाट
१३ नोव्हेंबर, रात्री ८:४५

मी वर्धेकडची, जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका. "परिस्थिती नाही, विचार बदला" हे वाक्य ऐकलं की माझ्या कपाळावर आठी येते. माझ्या आजोबांना गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते. त्यांनी कोणता विचार बदलायचा होता?

पण दुसरी बाजूही आमच्याच घरातली आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला तेच आजोबा पायी, मग रेल्वेनं नागपूरला दीक्षाभूमीवर गेले. बावीस प्रतिज्ञा घेऊन परत आले ते वेगळेच होऊन. आजी सांगायची, "गेला तो मान खाली घालून, आला तो चपला घालून." वतनदाराच्या वाड्यापुढून चपला घालून. वावर तेवढंच, दारिद्र्य तेवढंच, पण माणूस बदलला. म्हणजे मन बदलणं ही थट्टेची गोष्ट नाही, हे मी कशी नाकारू?

फरक काय, ते मी खूप वर्षं शोधत होते. मला वाटतं की बाबासाहेबांनी माणसाला सांगितलं की तुझ्यावर अन्याय झाला आहे, आणि तू कमी नाहीस. दोन्ही एकाच श्वासात. हे टायवाले अर्धंच सांगतात, तू कमी नाहीस. अन्यायाचा अर्धा भाग गाळला की उरतं ते ओझं. मग हरलास तर तूच. कोरडवाहू दादांना वर्षभर जे वाटलं ना, "माझाच विश्वास कमी पडला", तेच.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा. मधला शब्द एकट्याला करता येत नाही.

पऱ्हाटी_ते_परतवाडा
१३ नोव्हेंबर, रात्री ९:३०

भाव कापसाचा. लांब धाग्याला हमी ८,११०. केंद्रानं ऑगस्टात ११ टक्के आयात शुल्क उठवलं, ३१ डिसेंबरपर्यंत. नेमकी आमची वेचणीची वेळ. मी आता रोज सकाळी आरशात पाहून म्हणू का, "शुल्क परत लागलं आहे, शुल्क परत लागलं आहे"? लागत असेल तर सांगा, दोन वेळा म्हणतो.

हाव_भाऊ
१३ नोव्हेंबर, रात्री ९:३४

😂 हे बरोबर हाय भाऊ. पन तुमी कापूस तपासनाऱ्या ग्रेडरसंग भांडाले जाल तवा आवाज तं निघाला पाह्यजे ना? तेवढ्यापुरतं तं म्हना.

माळवदावरून
१४ नोव्हेंबर, रात्री १:२०

रात्री लिहितो आहे, कारण दिवसा हे लिहवणार नाही.

माझा मोठा भाऊ खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, खायचा. पंधरा वर्षांचा असल्यापासून. गालाच्या आत चट्टा आला, मग तोंड उघडेना, मग नागपूर. ऑपरेशन, शेक, सगळं झालं. घरी आणल्यावर नातेवाइकांपैकी एक जण, जो असली शिबिरं घेतो, तो रोज फोन करून भावाला 'माझ्या पेशी निरोगी आहेत' म्हणायला लावायचा. भाऊ म्हणायचा. बोलता येत नव्हतं तेव्हा पाटीवर लिहायचा. अकरा महिन्यांनी गेला. तेराव्याला तोच नातेवाईक म्हणाला, "शेवटी शेवटी त्यानं मनातून हार मानली होती."

वहिनीनं ते ऐकलं. ती चार वर्षं हेच धरून बसली आहे की मी त्याच्यापुढं रडले, म्हणून त्यानं हार मानली.

टीपकागद, यावर काही ठोस असेल तर सांगाल? मला नको, तिला दाखवायचं आहे.

टीपकागद
१४ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

दादा, आहे. आणि नेमकं तोंड-घशाच्या कर्करोगावरच आहे. जेम्स कॉयन आणि इतरांनी २००७ मध्ये 'कॅन्सर' या नियतकालिकात छापलं. डोकं आणि मानेच्या भागातल्या कर्करोगाचे १,०९३ रुग्ण. उपचारांच्या सुरुवातीला त्यांची भावनिक स्थिती कशी होती ते नोंदवलं, आणि कोण किती जगलं ते पाहिलं. मन आनंदी की खचलेलं, याचा जगण्याच्या काळाशी संबंध सापडला नाही. आशावादी फार दिवस जगले, खचलेले लवकर गेले, असं दिसलं नाही.

वहिनींना हे माझ्याकडून सांगा, त्यांच्या रडण्यानं काहीही झालेलं नाही. आजार जसा जायचा तसा गेला. नवऱ्यापुढं रडता आलं, हे उलट त्या दोघांचं बरं होतं.

माळवदावरून
१४ नोव्हेंबर, सकाळी ७:४०

वाचून दाखवलं. काही बोलली नाही. दुसऱ्यांदा वाचायला सांगितलं.

पंचसूत्री
१४ नोव्हेंबर, दुपारी १:३०

मी काल रात्री लिहिणार होते, पण आज सकाळचं वाचून थांबले होते. दादा, वहिनींना नमस्कार सांगा.

मला या चर्चेत एका शब्दाची गंमत वाटते. शहरात सेल्फ-हेल्प म्हटलं की पुस्तक. आमच्याकडे म्हणजे बचत गट. कागदोपत्री नावच स्वयंसहायता गट. नाबार्डनं १९९२ मध्ये गट बँकेला जोडायला सुरुवात केली, सुरुवातीला देशभरात ५०० गट घेतले होते. आमचा गट २००९ चा, मी कोषाध्यक्ष. पाच सूत्रं पाठ आहेत, नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशोब. त्यात 'नियमित आनंदी राहणे' कुठंच नाही.

शनिवारी बसतो. अर्ध्या बायका थकलेल्या, एखादीला नवऱ्यानं मारलेलं, एखादीची सून माहेरी गेलेली. कोणी कोणाला 'पॉझिटिव्ह राहा' म्हणत नाही. पन्नास रुपये टाक, सही कर, बस, चहा घे. तुझं काय झालं ते सांग. मागच्या वर्षी एकीच्या पोराला डेंग्यू झाला तर रात्री अकराला पेटी उघडून चार हजार दिले, ठराव दुसऱ्या दिवशी लिहिला. (बँकेच्या साहेबांनी हे वाचू नये.)

एक मात्र बोलते. 'हसत राहा' हे बायकांना जेवढं सांगतात तेवढं पुरुषांना सांगत नाहीत. घर पॉझिटिव्ह ठेवायचं काम पण आमच्याच वाट्याला, भांड्यांसोबत.

टीपकागद
१४ नोव्हेंबर, दुपारी २:१५

पंचसूत्री ताई, तुमच्या शब्दाच्या गमतीला माझी एक पुरवणी. 'सेल्फ-हेल्प' हे नाव ज्या पुस्तकामुळं घराघरात गेलं ते सॅम्युअल स्माइल्सचं, १८५९ चं. ते आलं कुठून? लीड्स शहरात दोन-तीन गरीब तरुण कामगार हिवाळ्याच्या संध्याकाळी एकत्र बसून एकमेकांना शिकवू लागले. आधी एकाच्या झोपडीवजा घरात, मग माणसं वाढली म्हणून बागेत, शेवटी त्यांनी एक कळकट हॉल भाड्यानं घेतला. त्यात आधी कॉलऱ्याचा तात्पुरता दवाखाना होता, म्हणून कोणी भाडेकरू मिळत नव्हता. लिहिणं, वाचणं, हिशोब, पुढं भूगोल, गणित, असं चाललेलं. १८४५ मध्ये त्यांनी स्माइल्सला बोलायला बोलावलं. त्या भाषणांतून पुढं ते पुस्तक झालं.

म्हणजे स्वतःची मदत स्वतः करा हे ज्यांच्यापुढं पहिल्यांदा सांगितलं गेलं, ते सगळे आधीच एकमेकांना मदत करत बसले होते. पुस्तकात मग एकेकट्या कर्तबगार पुरुषांची चरित्रं आली, आणि कॉलऱ्याचा हॉल प्रस्तावनेत राहिला.

कोरडवाहू
१४ नोव्हेंबर, दुपारी २:४०

सेवा सोसायटीचं गोदाम. आमच्याही गोदामाला कोणी भाडेकरू मिळत नव्हता. खताचा वास अजून येते.

धानपट्टा
१४ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:००

साकोलीकडून. तुम्ही भाषणाला लोक जमतील का म्हणून चिंता करता. आमच्या झाडीपट्टीत धान निघाला की रातभर नाटक असते, हजारानं माणूस जमते, पहाटेपर्यंत बसते. तिकीट काढून रडायला येतात लोक! कोणी म्हणत नाही की निगेटिव्ह आहे. रडून घरी जातात, दुसऱ्या दिवशी चुरण्याला लागतात. वक्त्यापेक्षा एक चांगली मंडळी बोलवा वडशाहून.

कोरडवाहू
१४ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:२५

धानपट्टा, कल्पना जबरदस्त, पण आमच्या पोरांना मोबाइलवाला माणूसच पाहिजे.

एक अभ्यास मीही शोधला, टीपकागदांचा गुण लागला. तमिळनाडूतल्या ऊस पिकवणाऱ्या ४६४ शेतकऱ्यांचा, २०१३ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेला. एकाच शेतकऱ्याला डोकं लावायच्या चाचण्या दोनदा दिल्या. एकदा कापणीच्या आधी, हात तंग असताना. एकदा कापणीनंतर, पैसा आल्यावर. माणूस तोच, डोकं तेच, अन् पैसा आल्यावर निकाल चांगला. म्हणजे चणचण डोक्यातली जागाच खाऊन टाकते. आम्ही आयुष्यभर समजत आलो की डोकं नीट चालत नाही म्हणून पैसा नाही. बाबा जूनमध्ये साध्या बेरजेत चुकतात अन् जानेवारीत बियाण्याच्या दुकानदाराला हिशोब शिकवतात, हे मी लहानपणापासून पाहून रायलो. मला वाटायचं उन्हाचा परिणाम असेल.

हे वाचून माझं मत बरंचसं ठरलं. बैठकीत विरोध करणार.

व्यवस्थापक
१५ नोव्हेंबर, सकाळी १०:००

मध्ये एका सदस्यानं आपल्या शिबिराची जाहिरात आणि फोन नंबर टाकला होता. काढला आहे. चर्चा चांगली चालू आहे, चालू द्या.

कोरडवाहू
२३ नोव्हेंबर, रात्री १०:१५

बैठक झाली. हरलो. अकरा विरुद्ध नऊ.

मी सगळं मांडलं. जर्मन बाई, कॅनडा, ऊसवाले शेतकरी. एक पोरगं म्हणालं, "दादा, तू लॉनवर जाऊन बोलायला शिकला अन् आता आम्हाला जाऊ नको म्हणतो." याला उत्तर नव्हतं माझ्यापाशी, अजूनही नाही.

पण तीन गोष्टी मान्य करून घेतल्या. मानधनात घासाघीस. कोणतंही पुस्तक, कोर्स, सभासदत्व मंडपात विकायचं नाही. अन् भाषणाआधी अर्धा तास आमच्या आशाताई बोलतील, १४४१६ चा फलक मंचावर लागेल. खंजिरी काका, खराट्याचा मुद्दा मी मांडला होता, लोक हसले.

खंजिरी
२४ नोव्हेंबर, सकाळी ६:०५

हसू द्या. झाडलं कोणी मंडपाखालचं?

कोरडवाहू
३० नोव्हेंबर, रात्री ११:२०

काका, आम्हीच झाडलं. पोरं होती सोबत.

कार्यक्रम काल झाला. जसा झाला तसा सांगतो.

आशाताईंना (आमच्या गावच्या) आधी दहाच मिनिटं मिळाली, कारण पाहुणे लवकर आले. त्या दहा मिनिटांत मंडपात चिडीचूप. खाली उतरल्यावर दोन बायका त्यांना बाजूला घेऊन बोलत उभ्या राहिल्या. भाषण संपेपर्यंत उभ्याच होत्या.

वक्ता बोलायला पटाईत, नाकारत नाही. शेतकऱ्याच्या पोराची गोष्ट सांगितली, लोकांनी डोळे पुसले. मग "ज्याची नजर आभाळावर त्याला ढेकूळ टोचत नाही" असं काहीतरी बोलला. मागून एका म्हाताऱ्यानं विचारलं, "साहेब, ढेकूळ टोचत नाही तं बूट घातले असन तुम्ही." अख्खा मंडप हसला. वक्ताही हसला, मनापासून हसला. मग दहा मिनिटं तो ठरलेलं भाषण सोडून बोलला. त्याच्या वडिलांचं दुकान कसं बुडालं, तो दोन वर्षं घराबाहेर कसा पडत नव्हता, शेजारच्या एका मास्तरानं रोज संध्याकाळी फिरायला नेलं म्हणून कसा सावरला. तेवढी दहा मिनिटं मला पटली. नंतर तो परत आभाळावर गेला.

आता खरी गोष्ट. माझे बाबा पोळ्यापासून घराबाहेर पडले नव्हते. सोयाबीन गेल्यापासून तर जेवायलाही उठवावं लागे. मी इथं तुम्हा सगळ्यांशी आठ दिवस वाद घातला अन् हे एकदाही लिहिलं नाही, लिहवलंच नाही. आशाताई घरी येऊन गेल्या होत्या, दवाखान्याची तारीख पुढच्या मंगळवारची मिळाली आहे. काल शेजारचे दोघं म्हातारे येऊन त्यांना म्हणाले, "चाल ना बे, खुर्च्या आहेत, चहा आहे." अन् बाबा गेले. अडीच तास बसले त्या दोघांच्या मधे. रात्री जेवताना मी विचारलं, कसं वाटलं भाषण.

म्हणाले, "बोलते चांगला. पन हात पाह्यले का त्याचे? एक घट्टा नाही."

अन् दुसऱ्यांदा वरण मागितलं.

हाव_भाऊ
३० नोव्हेंबर, रात्री ११:२८

मंग? भाषनानं गेले का खुर्चीनं?

कोरडवाहू
३० नोव्हेंबर, रात्री ११:३१

ते तू अन् टीपकागद ठरवा. मंगळवारी दवाखान्यात मात्र नेणार म्हणजे नेणार.

आशा_तिसरी_गल्ली
१ डिसेंबर, सकाळी ९:१०

भाऊ, न्याच. गोळ्या दिल्या तर दोन आठवडे फरक दिसत नाही, तेव्हा सोडू नका. अन् बाबांना चहाला न्यायला त्या दोघांना रोज पाठवा.

पंचसूत्री
१ डिसेंबर, दुपारी १२:४०

हिशोब कुठाय? ४२ हजारांतले उरले किती?

कोरडवाहू
१ डिसेंबर, दुपारी १:०५

वक्ता २८,००० वर आला. मंडप, खुर्च्या, चहा मिळून ६,७००. उरले ७,३००. गोदामाला दोन ट्यूबलाइट अन् एक लांब बाकडं घेतो. बाकडं दाराबाहेर ठेवायचं, असं काल पोरांनीच ठरवलं.